तांबी बसवायला सिस्टर चालते!

उपकेंद्रातली आरोग्यसेविका बाईच्या गर्भाशयात तांबी बसवते. गेली कित्येक वर्षे बसवते आहे. सरकारनेच तिला ते शिकवले आहे, आणि महिन्याला किती तांब्या बसवल्या याचा हिशेब तिला बैठकीत उभे करून विचारला जातो. तांबी बसवण्यासाठी ती बाईची आतून तपासणी करते, पिशवीचा आकार आणि कल हाताने ओळखते, आत सळई घालून पिशवीची लांबी मोजते. यात चूक झाली तर पिशवीला भोक पडू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. तरीही हे काम तिला जमते, असे सरकार मानते. डॉक्टरांच्या संघटनांनीही त्यावरून कधी संप केल्याचे ऐकिवात नाही.

पण त्याच बाईची पाळी चुकली, दीड महिन्याचे दिवस आहेत, तिला ते नको आहेत आणि ती त्याच सिस्टरकडे आली, की सिस्टरचे हात एकाएकी अडाणी ठरतात. मग त्या हातांनी पिशवीला स्पर्श करणे हा गुन्हा होतो. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ साली झाला. नोंदणीकृत डॉक्टर नसलेल्या माणसाने गर्भपात केला तर २००२ च्या दुरुस्तीनुसार त्याला दोन ते सात वर्षे सक्तमजुरी आहे. थोडक्यात, मूल होऊ नये म्हणून पिशवीत काही घालायचे असेल तर सिस्टर चालते, पण बाईच्या इच्छेने पिशवी मोकळी करायची असेल तर चालत नाही. हा भेद वैद्यकशास्त्राने केलेला नाही. पहिल्या कामात सरकारची गरज भागते आणि दुसऱ्यात बाईची, एवढाच त्याचा अर्थ मला दिसतो.

ज्याला एवढे घाबरायचे ती शस्त्रक्रिया तरी काय आहे ते आधी पाहू. आपल्याकडे अजून सगळे जण सरसकट ‘क्युरेटिंग’ म्हणतात. क्युरेटिंग म्हणजे धातूच्या धारदार चमच्याने पिशवी आतून खरवडायची. त्याला बहुधा भूल लागते, भूल द्यायला डॉक्टर लागतो, ऑपरेशन थिएटर लागते. ही पद्धत कालबाह्य झाली आहे आणि ती बंद करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. तिच्या जागी आली ती हाताने चालवायची निर्वात पद्धत, म्हणजेच एमव्हीए. एक मोठी प्लास्टिकची सिरिंज आणि तिला जोडायची प्लास्टिकची मऊ नळी. दट्ट्या मागे ओढून सिरिंजमध्ये पोकळी करायची, नळी पिशवीच्या तोंडातून आत न्यायची आणि झडप उघडायची. वीज लागत नाही. पिशवीच्या तोंडापाशी भूल देणारे इंजेक्शन पुरते, बाई जागी असते, बोलत असते, पाच-दहा मिनिटांत काम होते आणि काही तासांनी ती चालत घरी जाते. पहिल्या तीन महिन्यांतला गर्भपात याने होतो. आपोआप गर्भ पडला आणि अर्धवट राहिला, अंगावरून जाणे थांबत नाही, अशा बाईचा जीवही याच सिरिंजने वाचतो.

मग प्रश्न असा की, हे शिकवायचे कोणाला? सध्याचे उत्तर आहे: फक्त डॉक्टरांना, आणि त्यातही ठरावीक अनुभव असलेल्यांना. २००३ च्या नियमांप्रमाणे बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात करायचा तर एमबीबीएस डॉक्टरने मान्यताप्राप्त रुग्णालयात २५ गर्भपातांना मदत केलेली हवी आणि त्यातले किमान पाच स्वतः केलेले हवेत. नियम म्हणून यात गैर काही नाही, उलट चांगलाच आहे. पण हे डॉक्टर आहेत कुठे? केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत स्त्रीरोगतज्ज्ञांची तूट जवळजवळ ७४ टक्के होती. प्राथमिक केंद्रातला तरुण एमबीबीएस डॉक्टर बहुतेक वेळा पुढच्या परीक्षेच्या तयारीत असतो. तो हे काम शिकत नाही, आणि शिकला तर वर्षभरात बदलून जातो. केंद्रात कायम राहते ती सिस्टर. गावच्या बायका तिलाच ओळखतात, रात्रीअपरात्री तिच्याच दाराची कडी वाजवतात.

आणि बाई काय करते? मी ज्या भागात काम करते तिथे मला हा रस्ता तोंडपाठ झाला आहे. उपकेंद्रातून ‘पीएचसीला जा’. तिथून ‘ग्रामीण रुग्णालयात जा, मॅडम मंगळवारी येतात’. मंगळवारी मॅडम रजेवर. तिथून ‘सिव्हिलला जा’. दरवेळी रोजगार बुडतो, सोबतीला कोणी तरी लागते, घरी खोटे सांगावे लागते, आणि पोटातले दिवस तर कोणासाठी थांबत नाहीत. सिव्हिलला पोचेपर्यंत दहाचे चौदा आठवडे झालेले असतात. एवढे करून ‘नवऱ्याची सही आण’ म्हणतात. ती सही कायद्यात कुठेही नाही. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, पण हे तिला कोण सांगणार? दोन मुले असतील तर पुढचे वाक्य ठरलेले: ‘आधी ऑपरेशनला हो म्हण, मग करू.’ या फेऱ्यांना कंटाळलेली बाई शेवटी जिथे कोणी काही विचारत नाही तिथे जाते. हातातली पाटली मोडून खाजगी दवाखान्यात जाते, नाही तर मेडिकलमधून कोणाच्या तरी हस्ते गोळ्या मागवते. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले होते. गोळ्या आल्यामुळे बायका पूर्वीइतक्या मरत नाहीत, हे चांगलेच झाले. पण गोळ्यांनी काम अर्धवट झाले तर त्या बाईला पुन्हा कोणाची तरी सिरिंजच लागते, आणि सिरिंज घेऊन बसलेले माणूस तालुक्यात नसते.

‘नर्सला हे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा शेजारी पाहावे. बांगलादेशात गर्भपाताचा कायदा इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलाच आहे. तरीही १९७९ पासून तिथल्या सरकारी कार्यक्रमात ‘पाळी आणणे’ या नावाने सुरुवातीच्या आठवड्यांत पिशवी मोकळी करून दिली जाते, आणि हे काम मुख्यतः ‘फॅमिली वेल्फेअर व्हिजिटर’ करतात. म्हणजे आपल्या एएनएमच्या बहिणीच. त्याही आधी, साभार इथल्या गणस्वास्थ्य केंद्रात डॉ. जफरुल्ला चौधुरी आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या मुलींना स्त्रियांची नसबंदी करायला शिकवले होते. त्याचा अहवाल १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नसबंदी म्हणजे पोट उघडायचे काम, सिरिंजच्या कितीतरी पुढचे. दक्षिण आफ्रिकेचा नवा कायदा १९९७ मध्ये लागू झाला आणि प्रशिक्षित सुईण-नर्सना बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात करायची परवानगी मिळाली. त्यानंतरच्या काही वर्षांत तिथले गर्भपातामुळे होणारे मृत्यू ९१ टक्क्यांनी घटले. त्याच देशात आणि व्हिएतनाममध्ये डॉक्टर व डॉक्टर नसलेले प्रशिक्षित कर्मचारी यांच्या एमव्हीएची तुलना झाली, ती २००६ साली छापून आली. गुंतागुंतीच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. नेपाळमध्ये २००२ साली कायदा बदलला, पुढे स्टाफ नर्सना हे काम शिकवले. मोझांबिकने तर १९८४ पासून डॉक्टर नसलेल्यांना सिझेरियनसुद्धा शिकवले. सात वर्षांनी पाहिले तेव्हा जिल्ह्याच्या रुग्णालयांत नेमलेले ८८ टक्के शल्य-तंत्रज्ञ तिथेच काम करत होते. त्यांच्याबरोबर नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

‘हे परदेशातले झाले’ म्हणायची सोयही नाही. बिहार-झारखंडमध्ये पूर्वी गर्भपात न केलेल्या नर्स आणि तसेच डॉक्टर घेऊन दोघांना सारखे शिकवले गेले. जवळपास नऊशे बायकांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली आले: दोघांच्या कामात फरक नाही. तामिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात नर्सनी गर्भाशयाच्या मुखाची व्हिनेगर लावून तपासणी केली आणि संशयास्पद जागा तिथल्या तिथे गोठवून टाकली. त्या भागात या कर्करोगाचे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईच्या वस्त्यांत तर नर्सही नसलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी तपासणी केली, तरी मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. (तुलनेसाठी म्हणून ज्या हजारो बायकांची तपासणीच केली नाही, त्यांच्यातल्या ज्या मेल्या त्यांचे काय, हा प्रश्न मात्र या अभ्यासांच्या कौतुकात कोणी विचारत नाही. तो आपण विचारायला हवा.)

पुरावा असा ढिगाने असताना अडले कुठे? २०१४ साली केंद्र सरकारने कायदादुरुस्तीचा मसुदा काढला होता. त्यात नर्स, एएनएम आणि आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टर यांनाही गर्भपात करता यावा असे सुचवले होते. डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड केली, मसुदा बारगळला, आणि २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यात नर्सचा उल्लेखही राहिला नाही. २० ऐवजी २४ आठवडे झाले म्हणून सगळीकडे पेढे वाटले गेले. पण चोवीस आठवड्यांचा हक्क घेऊन बाईने जायचे कुठे? त्याच २०१४ साली महाराष्ट्रात मात्र होमिओपॅथीच्या डॉक्टरांना वर्षाचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे द्यायला परवानगी देणारी दुरुस्ती झाली. ज्यांची संघटना मजबूत आणि ज्यांचे आमदारांकडे जाणे-येणे, त्यांच्यासाठी दार किलकिले होते. उपकेंद्रातल्या सिस्टरसाठी कोण भांडणार?

डॉक्टर मंडळी लगेच म्हैसाळचे नाव घेतात. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला होमिओपॅथीच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात गर्भपात करताना बाई मेली आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. ‘सगळ्यांना परवानगी द्या, मग गावोगाव म्हैसाळ होईल,’ असे ते म्हणतात. पण म्हैसाळ घडले ते आजच्या कडक कायद्यातच. तिथे जे चालले होते ते मुलगी नको म्हणून, चोरून आणि उशिराच्या महिन्यांत. सहा-आठ आठवड्यांत उपकेंद्रात नोंद करून उघडपणे मोकळी होणारी बाई आणि म्हैसाळची बाई यांना एका पारड्यात घालणे हा शुद्ध कांगावा आहे. सहाव्या-आठव्या आठवड्यात सोनोग्राफीने मुलगा की मुलगी कळतही नाही.

इथे आपल्या चळवळीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. गर्भलिंगचिकित्सेविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, तो बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर उतरून मिळवला. पण पुढे सरकारने भिंतीभिंतीवर ‘भ्रूणहत्या पाप आहे’ असे रंगवले आणि आपणही तो शब्द तोंडी बसू दिला. हत्या म्हटले की करणारी खुनी ठरते. आज कित्येक औषध दुकानदार चौकशीच्या भीतीने गर्भपाताच्या गोळ्या ठेवत नाहीत आणि डॉक्टर दुसरी मुलगी असलेल्या बाईला दारातूनच परत लावतात. लिंगनिवडीला विरोध करायचा तर सोनोग्राफी मशीनवाल्याचा गळा धरा. बाईची वाट बंद करून मुलीचा जन्म सुखाचा होत नाही.

आता खरा वाद. तो डॉक्टरांशी नाही, आपसातला आहे. अनेक जुन्या मैत्रिणी म्हणतात, ‘श्रीमंत बाईला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि गरीब बाईला नर्स, हा न्याय कुठला? आणि पैसा येणार तो लोकसंख्या नियंत्रणवाल्यांकडूनच ना?’ हा संशय हवेतून आलेला नाही. नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ साली स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. गरीब बाईचे शरीर ही शिकण्याची आणि प्रयोगाची फुकटची जागा मानायची सवय या व्यवस्थेला आहेच. बांगलादेशच्या कार्यक्रमामागेही लोकसंख्येच्या भीतीचा पैसा होता, आणि तिथेही कित्येक बायकांना या ना त्या कारणाने परत पाठवले जाते, वरचे पैसे मागितले जातात. तेव्हा बांगलादेशची आरती करायचे कारण नाही.

पण ‘दुय्यम सेवा’ कशाला म्हणायचे ते तरी नीट ठरवू. जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात शाळेच्या खोलीत दोन तासांत ५३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडला बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया केल्या. तिथल्या त्या आठवड्यातल्या शिबिरांत १३ बायका मेल्या. हे करणारे नर्स नव्हते, पदवीधर सर्जन होते. बिलासपूरच्या सर्जनचा तर त्याच वर्षी ५० हजार शस्त्रक्रिया केल्याबद्दल सरकारने सत्कार केला होता. पदवी होती, माया नव्हती, वेळ नव्हता आणि वरून आकडा होता. शिबिरे बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला देविका बिस्वास खटल्यात २०१६ साली सांगावे लागले. बाईला धोका कमी शिकलेल्या हातापेक्षा घाईतल्या, लक्ष्य पुरे करणाऱ्या, कोणाला जाब न देणाऱ्या हाताचा जास्त आहे. एमव्हीए नीट शिकलेली, दिवसाला दोन-तीन बायका बघणारी, बाईला नावाने ओळखणारी सिस्टर ही दुय्यम सेवा कशी? खरवडणारा तज्ज्ञ ही मात्र खचित दुय्यम सेवा आहे, फी कितीही असो.

बीडचेच पाहा. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचा गवगवा झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणे काय? अंगावर पांढरे जाणे, पाळीत जास्त जाणे, ओटीपोट दुखणे, आणि ‘ठेवलीस तर कॅन्सर होईल’ ही भीती. फडात खाडा झाला की मुकादम दंड कापतो, उचल अंगावर असते, पाळीचे चार दिवस परवडत नाहीत. त्या बाईला आधी काय मिळायला हवे होते? गोळ्या-औषधे, आतून एक तपासणी, गर्भमुखाची व्हिनेगर तपासणी, आणि जास्त वय वा जास्त रक्तस्राव असेल तर बारीक नळीने पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवणे. ही सगळी कामे बाह्यरुग्ण विभागातली, भूल न देता होणारी. तालुक्यात ती करणारे कोणी नव्हते, म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेचा धंदा चालला. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ साली आला, त्यात ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. पस्तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. त्या अभ्यासाचे दाखले सगळे देतात, पण सिस्टरच्या हातात साधने कोणी देत नाही.

म्हणून मी प्रशिक्षणाच्या बाजूने आहे, पण कुठल्याही प्रशिक्षणाच्या नाही. तीन दिवस हॉटेलात भाषणे, शेवटी फोटो आणि प्रमाणपत्र, असले प्रशिक्षण आपण पुष्कळ पाहिले. आधी मॉडेलवर हात बसला पाहिजे, मग अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून, आणि शेवटी त्याच्या नजरेखाली स्वतः. शिकणारी कोण आहे हे टेबलावरच्या बाईला आधी सांगितले पाहिजे, आणि ती ‘नको’ म्हणाली तर ते नको अंतिम. भूल दिलेल्या बाईवर शिकाऊ पोरांनी एकामागून एक आतली तपासणी करायची रीत जिथे असेल तिथे ती आधी मोडली पाहिजे. दुखते तेव्हा औषध दिले पाहिजे, ‘तेव्हा नाही का ओरडलीस’ हे ऐकवता कामा नये. हे शिकवण्याचा तास अभ्यासक्रमात सिरिंजइतकाच महत्त्वाचा. आणि गर्भपाताच्या बदल्यात तांबी वा ऑपरेशन, ही सौदेबाजी जिथे चालते तिथे प्रशिक्षणाचा एक रुपयाही जाऊ नये. संख्येचे लक्ष्य तर मुळीच नको. लक्ष्य लागले की सिस्टरचीही बिलासपूरची डॉक्टर व्हायला वेळ लागणार नाही.

सिस्टरची बाजूही ऐकली पाहिजे. ती आधीच लसीकरण, बाळंतपणे, रजिस्टरे आणि आता मोबाइलवरच्या नोंदी यांत बुडालेली आहे. बऱ्याच जणी कंत्राटी आहेत. नवे काम द्यायचे तर वेतन, पद आणि कायद्याचे संरक्षण सोबत हवे. पिशवीला भोक पडले, रक्त थांबेना, तर तासाभरात पोचवणारी गाडी आणि वर कोणी तरी फोन उचलणारे हवे. हे नसताना तिला पुढे करणे म्हणजे काही बिघडले की बळी द्यायला एक बाई तयार ठेवणे. २०१८ पासून सरकार सुईण-नर्ससाठी अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची भाषा बोलते आहे. त्या अभ्यासक्रमाच्या शेवटी कायदा तिचे हात बांधणार असेल तर ती शिकून करणार काय?

कायदा बदलेपर्यंत करण्यासारखे काम जिल्ह्यातच आहे. २००३ च्या नियमांनुसार गर्भपात केंद्रांना मान्यता देणारी जिल्हा समिती असते, तिच्यात स्वयंसेवी संस्थेचा आणि पंचायत राजचा माणूस असू शकतो, आणि एक सदस्य स्त्री असलीच पाहिजे. आपापल्या जिल्ह्यात ही समिती आहे का, शेवटची कधी बसली, ती स्त्री सदस्य कोण, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कोणत्या प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरने एमव्हीए शिकून घेतले आहे आणि सिरिंजा भांडारात धूळ खात पडल्या आहेत की वापरात आहेत, तेही विचारा. क्युरेटिंग अजून किती ठिकाणी चालते याचा वेगळा आकडा मागा. पुढच्या अंकापर्यंत निदान चार-पाच जिल्ह्यांची उत्तरे आपल्याकडे आली, तर आरोग्यमंत्र्यांकडे नुसते निवेदन घेऊन जाण्याऐवजी आपण त्यांच्यापुढे हिशेब ठेवू शकू.